घोडा तोंडाळ नाही

वरळीच्या बीडीडी चाळीत कोंडीराम वाव्हळांना सगळे ‘तोंडाळ कोंडीराम’ म्हणत. नवा माणूस ते ऐकून चक्रावून जाई, कारण हा गृहस्थ बोलायचाच नाही. नळावर भांडण लागलं तर बादली उचलून बाजूला उभा राहील. भाजीवालीने किडकी वांगी गळ्यात मारली तर घरी आणून मुकाट्याने निवडत बसेल. त्यांची बायको बकुळा गिरणीत वाइंडिंग खात्यात होती, आणि तिचा आवाज यंत्रांच्या वर चढणारा. ती म्हणायची, "हे बघायला आले तेव्हा मला वाटलं, मुका मुलगा दाखवतायत. बापाने तर विचारलंसुद्धा, पाव्हणं, जीभ आहे ना? तर ह्यांनी जीभ काढून दाखवली!"

मग असल्या माणसाला हे नाव चिकटलं कसं?

एका घोड्यामुळे. खरं म्हणजे ते नाव आधी घोड्याचं होतं.

कोंडीराम लढाईत ब्रह्मदेशात जाऊन आलेले. बंदूक हाती आली नाही. खेचरांच्या कंपनीत होते. चिखलातून, डोंगरातून दारूगोळ्याची ओझी वाहणारी जनावरं सांभाळायची. तिथून सुटून आले आणि लालबागेतल्या एका बर्फाच्या कारखान्यात गाडीवान म्हणून लागले. कारखान्याचे नऊ घोडे. बर्फाच्या लाद्या गोणपाटात आणि भुशात गुंडाळून गाड्यांवर चढवायच्या आणि परळच्या इस्पितळांत, दादरच्या सोडावॉटरवाल्यांकडे, मासळीबाजारात पोचवायच्या. बर्फ थांबत नाही, म्हणून गाडीलाही थांबता येत नाही.

नऊ घोड्यांत कोंडीरामांचा होता तोफ्या. लष्करी लिलावातून आलेला, उंच, छाती कोठाराच्या दारासारखी. परळच्या पुलाच्या चढावर इतर घोडे अर्ध्यात दम टाकायचे. तोफ्या गच्च भरलेली गाडी ओढत वर जायचा आणि वर पोचल्यावर मान वळवून कोंडीरामांकडे बघायचा. जणू म्हणायचा, झालं?

छप्पन सालच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं दिल्लीहून जाहीर झालं आणि गिरणगाव पेटलं. गोळ्या, अश्रुधूर, कर्फ्यू. कोंडीराम चार दिवस वरळीत अडकून पडले. इस्पितळाला बर्फ तर हवाच होता, उलट रोजच्यापेक्षा जास्त. तेव्हा कारखान्याच्या मॅनेजरने वखारीतला एक हमाल तोफ्याच्या गाडीवर बसवला. त्याने आयुष्यात हातगाडीपलीकडे काही हाकलं नव्हतं. घाबरला की लगामाला लोंबकळायचं, एवढंच त्याला कळत होतं. आणि ते चारही दिवस घाबरण्याचेच होते.

पाचव्या दिवशी कोंडीराम चालत लालबागला पोचले, तर तोफ्या पागेच्या मागच्या भिंतीला तोंड लावून उभा. एरवी पाऊल वाजलं की खिंकाळायचा. आज नाही. कोंडीरामांनी हात पुढे केला तर मान फेकून मागे सरला. ओठांवर फेस होता, आणि फेस गुलाबी होता.

त्यांनी हळूहळू, गालाला गाल लावून, त्याचं तोंड उघडलं.

घोड्याच्या तोंडात पुढचे दात संपले की दाढा सुरू होईपर्यंत चार बोटं नुसती हिरडी असते. लगामाची लोखंडी कांडी तिथे आडवी बसते. तोफ्याची ती हिरडी दोन्ही बाजूंनी सोलवटली होती. ओठांचे कोपरे फाटले होते, जिभेवर जांभळा वळ, टाळूला फोड. कांडी मधोमध सांधलेली होती. जोरात खेचली की अडकित्त्यासारखी दुमडायची आणि सांध्याचं टोक टाळूत घुसायचं. चार दिवस तो अडकित्ता चालू होता.

कोंडीराम साज ठेवायच्या खोलीच्या दारात टेकले. मग उठले ते सरळ कचेरीकडे गेले.

कचेरी तीन पायऱ्या वर. मॅनेजर चिंतामणी आत, टेबलामागे. कारखान्यातला शिरस्ता असा की कोंडीराम आणि त्यांच्या चाळीतली माणसं खालच्या पायरीवर उभी राहायची. तसा कुठे नियम लिहिलेला नव्हता. नुसतं सगळ्यांना ठाऊक होतं.

"आलास का कोंडीराम? तुझ्या घोड्याने माझं नाक कापलं बघ. चार दिवस नुसता उधळतोय! थांब म्हटलं तर थांबत नाही, लगाम खेचला तर आणखी पळतो. तोंडाळ झालाय."

"तोंडाळ नाय साहेब," कोंडीराम म्हणाले. "तोंड आलंय त्याला."

"तेच ते."

"तेच कसं साहेब?"

चिंतामणींनी मान वर करून पाहिलं. खालच्या पायरीवरून प्रश्न येण्याची सवय त्यांना नव्हती. "अरे, माणूस वर तोंड करून बोलला की तोंडाळ. घोडा लगामाला जुमानत नाही, तो तोंडाळ. हे बघ, लिहिलंसुद्धा." त्यांनी घोड्यांचं रजिस्टर फिरवून दाखवलं. तोफ्याच्या नावासमोर शेऱ्याच्या रकान्यात सुबक अक्षरात होतं: *तोंडाळ.*

"तोंडात जखम आहे. खेचलं की दुखतं, दुखलं की तो दुखण्यापासून पळतो. पळाला की तुमचा माणूस आणखी खेचतो. जनावर काय करील?"

"जनावराचं काय करायचं ते शेटनी सांगितलंय. पुढल्या महिनाअखेरीस ते पाहायला येतायत. तोवर सरळ आला तर ठीक, नाहीतर कुर्ल्याच्या दगडखाणीवाले मागतच आहेत त्याला."

खाणीच्या खटाऱ्याला लागलेला घोडा सहा महिने काढत नाही हे लालबागेत पोरासोरांनाही ठाऊक होतं.

"आणि सरळ कसा आणायचा, तेही मी बघून ठेवलंय." चिंतामणींनी खणातून कागदात गुंडाळलेलं, सुतळीने बांधलेलं पुडकं काढलं. सुतळीला त्यांची नेहमीची गाठ होती, तीन पदरी, वर फूल. कारखान्यातल्या हरएक पुडक्याला तीच गाठ असायची आणि तिचा त्यांना अभिमान होता. "काटेरी लगाम. वरातीच्या घोड्याला घालतात तो. कांडीवर दातेरी चकत्या आहेत. बोट लावलं की उभा राहतो! झेल."

पुडकं वरून खाली आलं. कोंडीरामांनी ते झेललं. कागदातूनही दाते बोटाला लागत होते.

 त्यांच्या तोंडातून निघालं ते एवढंच: "उघड्या जखमेत हे घातलं तर गाडी उलटेल साहेब. बर्फ रस्त्यावर येईल."

बर्फ म्हटल्यावर चिंतामणी थबकले. "मग?"

"जखम भरेपर्यंत मी त्याला म्होरकीने, पायी चालवत नेतो. तोंडात काय नको."

"ने बाबा, ने. पण भरली की हा घालायचा. हुकूम आहे."

कोंडीरामांनी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. तेवढ्यावर चिंतामणींचं समाधान झालं, कारण आजवर त्या पायरीवरची गप्प राहणारी माणसं म्हणजे हो म्हणणारी माणसं, असाच त्यांचा अनुभव होता.

त्या दिवसापासून लालबाग ते परळ, परळ ते दादर एक वरात निघू लागली. पुढे म्होरकी धरून कोंडीराम, मागे मान खाली घातलेला तोफ्या, त्याच्यामागे बर्फाची गाडी. गाडीच्या फळीवर कुणीतरी खडूने ‘मुंबई आमच्या हक्काची’ लिहून ठेवलं होतं. भारतमाता टॉकीजपाशी मसाल्याच्या डंकावरच्या बाया ओरडायच्या, "ओ वाव्हळदादा, गाडीला घोडा कोणता आणि माणूस कोणता?"

"मधला घोडा!" तिसरीच कुणीतरी उत्तर द्यायची. "तो लाजतोय बघा!"

इस्पितळात माल उतरवला की कोंडीराम फुटलेल्या लादीचा एक गुळगुळीत तुकडा तळहातावर धरायचे. तोफ्या तो चाटायचा, डोळे मिटून, जिभेचा वळ बर्फावर फिरवत. तुरटीच्या पाण्याने तोंड धुणं, हळद-लोणी, भिजवलेला कोंडा आणि हिरवं गवत. घरी बकुळा बघत होती.

"हळद संपली. लोणी संपलं. उद्या मीठही संपेल. तो घोडा इथेच आणून बांधा ना, मोरीपाशी!"

कोंडीरामांनी लोण्याची वाटी पुसून ठेवली.

"आणि हे काय आणलंय?" तिने पुडकं उचललं, दाबलं आणि हात झटकला. "अगं आई! हे तोंडात घालायचं? कुणाच्या? हे ज्याने विकत आणलं त्याच्या घाला!"

कोंडीरामांनी पुडकं तिच्या हातून घेऊन फळीवर, पेटीमागे ठेवलं. सुतळीला हात लावला नाही.

त्या आठवड्यात लालबागेतल्या एका चाळीच्या चौकात सभा झाली. बोलणाऱ्यांत चिंतामणीही होते. गोरा चेहरा लाल झालेला, मूठ वर. "मराठी माणसाला तोंड दाबून बुक्क्यांचा मार चाललाय! आम्ही बोललो की उद्धट, आम्ही ओरडलो की दंगलखोर! अरे, दुखतंय म्हणून ओरडतोय आम्ही! आधी आमची जखम बघा!"

सभा गर्जली. कोंडीरामांनी टाळ्या वाजवल्या, मनापासून वाजवल्या. मुंबई त्यांचीही होती. गोळी लागलेली एक शेजारची सून त्यांनीच खांद्यावरून नेली होती. टाळ्या वाजवता वाजवता त्यांचे हात थांबले. ते चौकातून बाहेर पडले आणि वरळीपर्यंत चालत गेले. बकुळाने ताट वाढलं, तर म्हणाले, "नको."

"काय झालं?"

"त्याला कळतंय गं. सगळं कळतंय त्याला."

"कुणाला? घोड्याला?"

"मॅनेजरला," कोंडीराम म्हणाले.

जखमा भरत आल्या तसा प्रश्न उभा राहिला. जुनी सांध्याची कांडी नको. काटेरी तर नकोच. मग कोणती? लष्करातला त्यांचा हवालदार शिकवायचा, ‘मोटा लगाम माँ, पतला लगाम सास!’ जाड कांडी हिरडीवर पसरून बसते, बारीक कांडी सुरीसारखी लागते. कोंडीरामांनी हे बारा वर्षं गाठीला बांधून ठेवलं होतं. ते गिरगावात गेले. तिथे ठाकूरद्वारापलीकडे एका बोळात, लाकडी जिन्याच्या घराखाली, ॲलॉयशियस नावाचा म्हातारा व्हिक्टोरिया घोडागाड्यांचा साज शिवायचा. त्याच्या बापाने आणि आज्यानेही तेच केलं होतं.

"सर्वांत जाड द्या," कोंडीराम म्हणाले. "सरळ, सांधा नको. वरून मऊ चामडं मढवा."

"घोडा बघितल्याशिवाय?"

"घोडा मोठा आहे. हा एवढा. तोंड आलंय त्याला. मऊ पायजे."

ॲलॉयशियसने चष्म्यावरून पाहिलं, काहीतरी पुटपुटला आणि अंगठ्याएवढ्या जाड कांडीवर हरणाचं वाटावं असं मऊ कातडं शिवून दिलं.

कोंडीरामांनी ती मोठ्या मायेने तोफ्याच्या तोंडात घातली. आणि तोफ्या तिच्याशी झगडायला लागला. मान वर, खाली, वर. तोंड मिटेचना. जीभ कांडीवरून बाहेर येऊन एका बाजूला लोंबू लागली. गाडीला जुंपला तर दहा पावलांवर उधळला आणि फाटकाच्या खांबाला चाक घासून थांबला.

कचेरीच्या खिडकीतून आवाज आला, "काटे घातले वाटतं? नाचतोय छान!"

कोंडीरामांनी तोफ्याला सोडून पागेत नेलं. सभेपासून त्यांना जाळत होता तो राग आता स्वतःवर उलटला होता. एवढं जपलं, आणि आपणच आपल्या हाताने पुन्हा छळलं! रविवारी सकाळची प्रार्थना संपायच्या वेळेला ते चर्चबाहेर जाऊन उभे राहिले.

ॲलॉयशियस काळ्या कोटात बाहेर आला. "अरे बाबा! घोड्याचा माणूस ना तू? चामडं उसवलं?"

"नाय. तुम्ही चला."

"आज? सन्डे आहे. फिलोमिनाने डुकराचं सोरपोतेल केलंय."

"सायबा, महिनाअखेर आलीय. तो खाणीत जाईल."

 म्हातारा बायकोला हाक मारून म्हणाला, "फिलोमिना, झाकून ठेव!" आणि दोघे ट्रामने लालबागला आले.

पागेत त्याने कोट काढून खुंटीला लावला, तोफ्याच्या ओठात अंगठा घातला, जीभ चाचपली, टाळूला बोट लावलं आणि एकदम ओरडला, "देवा रे! मोठा बंगला आणि दार केवढं? खुराड्याचं!"

"म्हणजे?"

"एवढं मोठं धूड, तोंड बघ केवढंसं! जीभ पावासारखी फुगीर. टाळू खाली. आत जागाच नाही, मॅन. त्यात तू हा वरवंटा घातलास."

"पण जाड ती मऊ असते. हवालदार म्हणायचा, जाड लगाम म्हणजे आई..."

"उघड."

"काय?"

"तोंड उघड. तुझं."

कोंडीरामांनी आ केला. म्हाताऱ्याने ती मढवलेली कांडी त्यांच्या दातांत आडवी सारली. "मऊ आहे?"

कोंडीरामांनी मान हलवली. मऊ होती.

"आता थुंकी गीळ."

गिळता येईना. ओठ मिटल्याशिवाय थुंकी गिळता येत नाही हे कोंडीरामांना त्या दिवशी कळलं. हनुवटीवरून लाळ ओघळली.

"आता बोल, संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!"

"अंउं अआआ..."

"मोठ्याने! सरकारला ऐकू येत नाही!"

पागेतले दोन गाडीवान हसून गवतात पडले. कोंडीरामही हसले असते. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी कांडी काढली, तोंड पुसलं आणि तोफ्याच्या कपाळावर हात ठेवला. "मऊ म्हंजे सगळ्यांना मऊ नसतं," ते म्हणाले.

"आई म्हणून घरात हत्ती आणलास तू," ॲलॉयशियस म्हणाला. "चल, माप घेऊ. कडुलिंबाची काडी आण."

दातणाची सरळ काडी तोफ्याच्या तोंडात आडवी धरली. कडू रसाने त्याने जीभ फिरवली, पण काडी सोडली नाही. ओठांचे कोपरे जिथे येत तिथे म्हाताऱ्याने कोळशाने दोन रेघा ओढल्या. जुनी कांडी त्या मापापेक्षा दोन बोटं लांब निघाली! म्हणजे इतकी वर्षं ती तोंडात इकडून तिकडे सरकत होती आणि कोपरे कापत होती. पिशवीतून एकेक कांडी निघाली. ही सरळ, पण जिभेवर बसते. ही वाकलेली, पण जास्त. शेवटी एक सापडली: करंगळीएवढी जाड, गुळगुळीत, मधे चंद्रकोरीसारखा किंचित बाक, म्हणजे जिभेला खाली जागा. सांधा नाही. दोन्ही टोकांना काडीवरच्या रेघांपलीकडे जेमतेम एक दाणा मावेल एवढी सवड.

"ओठाच्या कोपऱ्याला एक सुरकुती पडली पाहिजे. दोन पडल्या तर वर झाली, एकही नाही तर खाली," म्हातारा पट्टा चढवत म्हणाला. "हसल्यासारखा दिसला पाहिजे घोडा. थोडासाच. फोटोला हसतात तसा."

तोफ्याने कांडी जिभेने उलटसुलट चाचपली. एकदा चावली. आणि तोंड मिटलं.

 तोफ्याने थुंकी गिळली. त्याचा गळा हललेला सगळ्यांनी पाहिला.

महिनाअखेरीला कारखान्याचे मालक राजारामशेट आले. मोटार आत आली, धोतराचा सोगा सावरत शेट उतरले. चिंतामणी पुढे धावले आणि त्यांना कचेरीच्या दारात घेऊन गेले. बर्फाने भरलेली गाडी उतारावरून फाटकाकडे आणायची आणि पांढऱ्या रेघेवर थांबवायची, ही परीक्षा.

कोंडीराम गाडीवर चढले. लगाम दोन बोटांत. दुसरा हात मांडीवर. उतारावर तोफ्याने वेग घेतला, गाडीने मागून रेटा दिला, हमाल बाजूला पळाले. कोंडीरामांनी करंगळी मिटली आणि म्हणाले, "हो रे."

तोफ्या रेघेवर थांबला. खुरांचा एक आवाज, मग शांतता; नुसतं भुशातून पाणी टपकत होतं.

"वा!" शेट म्हणाले. "हाच का तो?"

"हाच शेट, तोंडाळ!" चिंतामणींचा चेहरा फुलला. "म्हटलं होतं ना? काट्याने काटा निघतो! काटेरी लगाम घातला आणि पंधरवड्यात मेंढरू झालं. माझं तर म्हणणं आहे, सगळ्यांनाच घालू. नऊच्या नऊ. मी दुकानात बोलून ठेवलंय."

कोंडीराम गाडीवर बसलेले होते. गप्प राहिले असते तर सगळं सुटलं होतं. तोफ्या खाणीत जाणार नव्हता. त्यांचं काम त्यांच्याकडे राहणार होतं. मॅनेजर खूश, मालक खूश. बाहेरून बघणाऱ्याला गालावरच्या कड्या तेवढ्या दिसतात. आत काय आहे ते घोड्याला ठाऊक आणि गाडीवानाला.

पागेतून एक घोडा खिंकाळला. म्हातारी शिंगी घोडी होती ती, आंधळी व्हायला आलेली, आयुष्यात कधी कुणाला लाथ न मारलेली.

कोंडीराम खाली उतरले. बैठकीखालून पुडकं काढलं. आज ते त्यांनी बरोबर का आणलं होतं, त्यांनाही सांगता आलं नसतं. ते चालत आले ते पायरीशी थांबले नाहीत. एक, दोन, तीन. कचेरीच्या दारात, मॅनेजरच्या समोर.

"हे घ्या."

चिंतामणींनी सवयीने जमिनीकडे बोट केलं. "ठेव तिथे."

"हातात घ्या साहेब."

"कोंडीराम..."

"हातात घ्या! गाठ बघा. तीन पदरी आहे, वर फूल आहे. तुमचीच ना? तुम्ही टाकलं तेव्हापासून सुटली नाय. एक काटा या घोड्याच्या तोंडात गेला नाय. न बघता शेटसमोर बढाई का मारता?"

फाटकावरच्या हमालांनी माना वर केल्या. कोंडीराम वाव्हळांचा आवाज त्यातल्या कित्येकांनी पहिल्यांदा ऐकला.

"घोडा चुकारपणा करीत नव्हता. दुखत होतं त्याला! तुम्ही जखम बघितली नाय, तोंड उघडून बघितलं नाय, वहीत लिहून टाकलं, तोंडाळ. आणि त्या दिवशी चौकात काय म्हणालात? दुखतंय म्हणून ओरडतोय, आधी आमची जखम बघा! मी टाळ्या वाजवल्या साहेब. हे हात फोडून वाजवल्या! ते तुमच्या तोंडाला लागू, आणि याच्या तोंडाला नाय? आणि माझ्या?"

"शेट, हा माणूस..."

"थांबा," शेट म्हणाले. ते गाडीपाशी गेले. "काय आहे मग त्याच्या तोंडात? दाखव."

कोंडीरामांनी तोफ्याचा ओठ उचलला. करंगळीएवढी कांडी, जिभेवर कोर, कोपऱ्याला एक सुरकुती. हिरडीवर जुन्या जखमेच्या गुलाबी रेघा, भरलेल्या. शेटनी वाकून बघितलं. मग चिंतामणींच्या हातातलं पुडकं घेतलं, कागदावरून अंगठा दाबला आणि चटकन काढून घेतला.

"हे परत करा," ते म्हणाले. "नऊ नको, एकही नको." आणि वळून, तितक्याच शांतपणे: "पण मॅनेजरचा हुकूम मोडलास तू. पंधरा दिवस फसवलंस. गाडीवरून उतर. उद्यापासून बर्फखान्यात, लाद्यांवर."

मोटार निघून गेली.

चिंतामणी टेबलाशी बसले. त्यांनी घोड्यांचं रजिस्टर उघडलं, तोफ्याच्या नावापुढचा शब्द पट्टी लावून खोडला. मग माणसांचं रजिस्टर उघडलं, आणि त्याच सुबक अक्षरात वाव्हळ कोंडीराम या नावासमोर तोच शब्द लिहिला. बाहेर ऐकू जावा म्हणून मोठ्याने वाचत लिहिला.

हमालांनी तो ऐकला. संध्याकाळपर्यंत तो लालबागेत होता आणि दिवे लागायच्या आत वरळीत.

बकुळा दारातच उभी होती. "तोंडाळ? तुम्ही?" आणि ती हसत सुटली, हसता हसता खाली बसली. "लग्नाला चौदा वर्षं झाली, मला कधी एक शब्द उलटून बोलला नाहीत. सगळा साठवून त्या बामणावर काढलात होय? आधी सांगितलं असतंत तर मी रजा टाकून आले असते ऐकायला!" मग हसणं थांबलं. "आणि गाडी गेली?"

"गेली."

"तोफ्या?"

"आहे."

"मग तोंड का असं केलंय?"

कोंडीराम तिच्या शेजारी बसले. मग म्हणाले, "मला शिक्षा झाली, ठीक. मी हुकूम मोडला. पण ज्याने घोड्याचं तोंड फाडलं, त्याला काय झालं? ज्याने वहीत खोटं लिहिलं, त्याला? घोड्याची माफी कोण मागणार?"

"घोड्याची माफी!" बकुळा म्हणाली. "अहो, माणसांची कुणी मागत नाही अजून."

पुढची सगळी वर्षं कोंडीराम बर्फखान्यात लाद्यांवर काम करत राहिले. बोटं बधिर झाली, कान कायमचे लाल. तोफ्याचा नवा गाडीवान पहिल्याच आठवड्यात त्यांच्याकडे आला, विचारायला. कोंडीरामांनी त्याला कोळशाच्या रेघा ओढलेली दातणाची काडी दिली. मग एकेक करून बाकीचे आठही आले. कडुलिंबाच्या नऊ काड्या पागेच्या कौलाखाली खोचलेल्या असायच्या, प्रत्येकीवर घोड्याचं नाव. साठ साली महाराष्ट्र झाला, लालबागेत गुलालाने रस्ते न्हाले, तेव्हा कारखान्याची गाडी मिरवणुकीत निघाली आणि गाडीवर फेटा बांधून चिंतामणी उभे राहिले. कोंडीराम गर्दी कापत पुढे आले, तोफ्याचा ओठ उचलून कोपऱ्यातली सुरकुती मोजली. एक होती. तेव्हा कुठे ते बाजूला झाले आणि घसा फुटेपर्यंत ओरडले, इतरांसारखेच.

चाळीत मात्र त्यांचा दरारा एकाच बाबतीत होता. कुणी सुनेला, कुणी पोरीला, कुणी कामगाराला म्हटलं, "फार तोंडाळ आहे," की तिसऱ्या खोलीतून, जिथून एरवी आवाज येत नसे, तिथून आवाज येई.

"तोंड उघडून बघितलंस का त्याचं? आधी बघ. मग बोल."

"झालं! सुटलं ह्यांचं तोंड," बकुळा आतून म्हणायची.